टॅब आला, पण कुणाच्या हातात?

सोयाबीन घरात आलं की पोखर्णीतल्या घरांना संध्याकाळी जरा उसंत मिळते. मगरिबनंतर गल्लीतली मुलं माझ्या ओट्यावर वह्या-पुस्तकं घेऊन बसतात. कुणाचं बीजगणित अडलेलं असतं, कुणाला मराठीचा निबंध तपासून हवा असतो. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत नववीतली एक मुलगी ओढणीत गुंडाळलेला टॅब घेऊन आली. आठवीत ती वर्गात पहिली आली म्हणून मुंबईच्या मामूंनी तो तिला पाठवला होता. विज्ञानातला प्रकाशाच्या परावर्तनाचा धडा तिला त्यावर बघायचा होता.

मी टॅब उघडला. पहिल्याच पानावर गाड्यांच्या शर्यती, बंदुकीचे खेळ, क्रिकेटच्या क्लिपा. नवं काही उतरवून घ्यायला जागा शिल्लक नव्हती आणि बॅटरी नऊ टक्क्यांवर आलेली. मी तिच्याकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "इसमें मेरा कुछ बी नै, आपा. सब भाई का हय."

हे वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. त्याला आणखी एक कारण होतं. मी पोखर्णीहून रोज परभणीला जाऊन उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. त्याच सुमारास आमच्या शाळेच्या काही माजी विद्यार्थ्यांनी पंचवीस टॅब द्यायची तयारी दाखवली होती. शिक्षकांच्या खोलीत सगळे खूश होते. मग मुख्याध्यापकांनी एक साधा प्रश्न विचारला, "द्यायचे कुणाला?" कुणी म्हणालं, पहिल्या पंचवीस हुशार मुलांना बक्षीस म्हणून द्या. कुणी म्हणालं, दहावीच्या मुलांना घरी न्यायला द्या. एक जण म्हणाले, कपाटात ठेवा, तपासणीला साहेब आले की दाखवू. आम्ही सगळे हसलो, पण ते हसणं जरा खोटंच होतं. प्रत्येक शाळेत असं एखादं कपाट असतंच.

पालकसभा पंधरा दिवसांवर होती. त्या पंधरा दिवसांत मी एवढंच शोधत होते, की आपल्या आधी ज्यांनी मुलांच्या हातात अशी यंत्रं दिली, त्यांचं पुढं काय झालं. जे सापडलं ते घराघरांत पोहोचावं असं वाटतं. कारण आज ना उद्या टॅब तुमच्याही दारात येणार आहे, शाळेकडून, सरकारकडून किंवा मामूंकडून.

स्वस्त यंत्राचं स्वप्न

स्वस्त टॅबची गोष्ट आपल्या देशात 'आकाश'पासून सुरू होते. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत तो जाहीर केला. सरकारला एक टॅब सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास पडत होता आणि विद्यार्थ्यांना तो त्याहून कमी किमतीत मिळायचा होता. पहिला आकाश हळू चालायचा, बोट जोरात दाबावं लागायचं, बॅटरी लवकर संपायची. मग आयआयटी मुंबईकडे हे काम आलं. तिथले प्राध्यापक दीपक फाटक यांनी त्यात पुढाकार घेतला. सुधारलेला आकाश-२ राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी ११ नोव्हेंबर २०१२ रोजी देशापुढं ठेवला. तो दिवस मौलाना आझादांच्या जन्माचा, राष्ट्रीय शिक्षण दिनाचा. दिवस मोठा नेमका निवडला होता. पण देशातल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात आकाश काही पोहोचला नाही. काही वर्षांत त्याचं नावही कानावर पडेनासं झालं.

त्याच्याही आधी, २००७ मध्ये, रायगड जिल्ह्यातल्या खैरात या छोट्या वस्तीत एक प्रयोग झाला होता. एक खोली, एक गुरुजी आणि पहिली ते चौथीची वीसेक मुलं. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जगभर चाललेल्या मोहिमेतली भारतातली ही पहिली शाळा. हिरव्या-पांढऱ्या रंगाचा तो छोटा लॅपटॉप पाटीसारखा मांडीवर घेऊन मुलं फोटो काढू लागली, लिहू लागली, घरी नेऊन आईबापांना दाखवू लागली. तिथं एक गोष्ट चांगली होती. गुरुजी एक, मुलं थोडी आणि प्रत्येक मूल काय करतंय हे गुरुजींना बसल्या जागी दिसत होतं.

हीच मोहीम दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात फार मोठ्या प्रमाणावर झाली. तिथं आठ लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले गेले. मग खेड्यांतल्या ३१९ शाळांचा नीट अभ्यास करून २०१२ मध्ये त्याचा निष्कर्ष मांडला गेला. मुलं यंत्र चालवायला शिकली, काही मुलांची विचारशक्ती थोडी वाढलेली दिसली. पण गणितात आणि भाषेत गुण वाढले नाहीत. मुलांचा अभ्यासाचा वेळही वाढला नाही. यंत्र आलं, पण शिकवण्याची रीत तीच राहिली. बैल बदलून नांगर तोच ठेवला तर शेत कसं बदलेल?

मुंबईतली आठवी

आपल्यासाठी सगळ्यात जवळचं उदाहरण मुंबईचं. २०१५ मध्ये मुंबई महानगरपालिकेनं आपल्या शाळांतल्या आठवीच्या मुलांना टॅब दिले. सुमारे बावीस हजार टॅब. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि उर्दू अशा चारही माध्यमांच्या मुलांना. आठवीची सगळी पुस्तकं त्यात भरलेली. दप्तराचं ओझं कमी करणं हा त्यातला एक मोठा हेतू होता. त्याच वर्षी राज्य सरकारनं दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावं असा आदेशही काढला होता.

कल्पना चांगली होती हे कुणीही मान्य करील. महापालिकेच्या शाळेत कोण शिकतं? रिक्षावाल्याची, घरकाम करणाऱ्या बाईची, जरीकाम करणाऱ्या कारागिराची मुलं. श्रीमंताच्या मुलाच्या हातात जे आहे ते गरिबाच्या मुलाच्या हातात द्यायचं, यात वाईट काय?

पण पुढच्या काही वर्षांत बातम्या वेगळ्या येऊ लागल्या. काही टॅब फुटले, काहींच्या बॅटऱ्या गेल्या, काही दुरुस्तीच्या वाटेवर पडून राहिले. शाळेची इमारत जुनी असेल तर एका वर्गात चाळीस टॅब चार्ज करायला बटणं आणायची कुठून? आणि एक अडचण तर घड्याळासारखी ठरलेली होती. २०१८ मध्ये बालभारतीनं आठवीची पुस्तकंच बदलली. टॅबमधले धडे जुने झाले. छापील पुस्तक बदललं की दुकानातून नवं आणता येतं. टॅबमधलं पुस्तक बदलायचं असेल तर कुणीतरी ते प्रत्येक टॅबमध्ये नव्यानं भरावं लागतं. ते कोण करणार, याचं उत्तर टॅब विकत घेण्याच्या दिवशीच ठरवायला हवं.

हे फक्त आपल्याकडं होतं असं मात्र समजू नका. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरानं २०१३ मध्ये आपल्या शाळांसाठी आयपॅड घ्यायला सुरुवात केली. सगळ्या मुलांपर्यंत पोहोचायचं तर खर्च अब्जावधी डॉलरच्या घरात जाणार होता. आठवडाभरातच सुमारे तीनशे मुलांनी त्यावरची बंधनं काढून टाकली आणि हवं ते बघायला लागली. पुढच्या वर्षी त्या शहरानं करारच थांबवला. तिथं पैसा होता, वीज होती, इंजिनिअर होते. तरी जे हातातून निसटलं ते पैशानं धरून ठेवता आलं नाही.

एक गुरुजी आणि एक काळा-पांढरा चौकोन

मग टॅब नकोच का? मी असं म्हणणार नाही. कारण याच महाराष्ट्रात, याच काळात, एका गुरुजीनं फार थोड्या खर्चात फार मोठं काम करून दाखवलं.

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले २००९ मध्ये शिक्षक म्हणून आले. मुली शाळेत येत नव्हत्या, लहान वयात लग्नं होत होती. त्यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड चिकटवायला सुरुवात केली. तोच काळा-पांढरा चौकोन, जो आज किराणा दुकानात पैसे द्यायला आपण मोबाइलसमोर धरतो. कोड मोबाइलनं टिपला की त्या धड्याची गोष्ट, कविता, व्हिडिओ उघडायचा. पुढं राज्याच्या पाठ्यपुस्तकांतच हे कोड छापले जाऊ लागले. २०२० मध्ये डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचं जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालं आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

आज तुमच्या मुलाचं बालभारतीचं पुस्तक उघडा. धड्याजवळ तो चौकोन असेल. दीक्षा नावाचं सरकारी अॅप २०१७ पासून आहे, ते मोबाइलवर मोफत मिळतं. त्यातून तो चौकोन टिपला की धड्याशी जोडलेलं साहित्य उघडतं. ई-बालभारतीवर मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी अशा माध्यमांची पुस्तकंही मोफत मिळतात. म्हणजे टॅब येण्याआधीच त्यातला बराच माल आपल्या घरात आलेला आहे. आपण तो चौकोन कधी टिपून पाहिला आहे का, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला. उत्तर देताना मला थोडी लाज वाटली.

परितेवाडी आणि पेरू यांत मला एकच फरक दिसतो. परितेवाडीत आधी शिक्षकाला अडचण दिसली, मग त्यानं यंत्र शोधलं. पेरूत आधी यंत्र आलं, मग अडचण शोधत बसले.

उर्दूची मुलं आणि नस्तालीक

उर्दू माध्यमाच्या पालकांनी आणखी एका गोष्टीकडं लक्ष द्यावं. आपली मुलं पुस्तकात नस्तालीक वळणाची उर्दू वाचतात, तिरकी, उतरती, जशी कातिब लिहायचे. नस्तालीक यंत्रावर आणणं फार अवघड होतं. 'जंग' या दैनिकाची लाहोर आवृत्ती १९८१ मध्ये 'नूरी नस्तालीक'वर निघाली, तोवर मोठमोठी उर्दू दैनिकंही कातिबांच्या हातानं लिहून छापली जात होती. टॅबवरच्या पुष्कळ अॅपमध्ये आजही उर्दू नस्ख वळणात दिसते, सरळ, अरबी पुस्तकासारखी. ज्याची वाचनाची सवय पक्की आहे त्याला फरक पडत नाही. पण पाचवी-सहावीचं, अडखळत वाचणारं मूल तिथं आणखी अडखळतं आणि समजतं की मलाच येत नाही.

उपाय अवघड नाही. टॅबवर नस्तालीक अक्षरं आणि उर्दूचा कळफलक आधी बसवून घ्या. बालभारतीचं पुस्तक पीडीएफमध्ये उतरवलं तर ते छापल्यासारखंच दिसतं. आमच्या शाळेत एका मुलाला मी उर्दू कळफलकावर त्याचं स्वतःचं नाव लिहायला सांगितलं. तीन मिनिटं लागली. नाव उमटलं तेव्हा त्यानं टॅब अख्ख्या वर्गाला फिरवून दाखवला. त्या दिवशी धडा झाला नाही, पण मला वाईट वाटलं नाही.

मुलीचा हक्क

आता त्या ओट्यावरच्या मुलीकडं येते. तिची तक्रार तिच्या एकटीची नाही. 'प्रथम' या संस्थेचा 'असर' अहवाल जानेवारी २०२४ मध्ये आला. मुंबईत १९९५ मध्ये फरीदा लांबे आणि माधव चव्हाण यांनी उभी केलेली ही संस्था. देशातल्या ग्रामीण भागातल्या चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींची त्यात पाहणी होती. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्के मुलांकडं स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के. निम्म्याहूनही कमी. घरात फोन आहे, पण तो कुणाचा, याचं उत्तर घराघरांत सारखंच आहे.

आपल्या घरांत मुलगी फोन वापरते म्हटलं की कपाळावर आठ्या येतात. मुलगा रात्री बारापर्यंत पांघरुणात तोंड घालून फोन बघतो त्याचं काही वाटत नाही. खरं सांगू? शाळेत वीस वर्षं मुलं बघते आहे. फोनमुळं वाया गेलेले मुलगे मी मुलींपेक्षा जास्त पाहिले आहेत. धोका दोघांनाही आहे, तर नियमही दोघांना सारखे हवेत.

म्हणून मी त्या मुलीच्या घरी गेले. वडिलांचं गाद्या-रजया भरण्याचं काम. पिंजारी घर. खोलीत कापसाचा बारीक तंतू उडत होता. मी टॅबचा विषय काढला. ते म्हणाले, "आपा, पोरगी हुशार आहे हे मला कळतं. पण हे यंत्र पोरीच्या हातात नको. उद्या काही झालं तर लोक मला विचारतील." रागानं नाही बोलले. काळजीनं बोलले. काळजीला वाद घालून उत्तर देता येत नाही. मी एवढंच म्हटलं, "मग तो तिच्या हातातही नको आणि तिच्या भावाच्या हातातही नको. तो माझ्या ओट्यावर राहू द्या. संध्याकाळी एक तास. चार मुली आणि तुमचा मुलगा, सगळे एकत्र बसतील. त्यांच्या अम्मींना वाटलं तर त्याही येऊन बसतील." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग मुलाला हाक मारून म्हणाले, "चार्जर आण."

कागदाचं काय?

काही पालक मला विचारतात, मग पुस्तकं जाणार का? जाऊ नयेत. स्वीडनसारख्या देशानं शाळांत फार लवकर संगणक आणले आणि २०२३ मध्ये तिथल्या सरकारनं पुन्हा छापील पुस्तकं घ्यायला शाळांना वेगळा पैसा दिला. त्याच वर्षी युनेस्कोनं शिक्षणातल्या तंत्रज्ञानावर मोठा अहवाल काढला. त्याचं सार आपल्या भाषेत सांगायचं तर यंत्र शिक्षकाच्या मदतीला असावं, शिक्षकाच्या जागी नसावं.

२०२० च्या टाळेबंदीत सोलापूरच्या नीलमनगरात आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी काय केलं, ते मला फार आवडतं. तिथं बरीच घरं यंत्रमाग कामगारांची. पुष्कळ मुलांकडं फोन नव्हते. शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. पाढे, व्याकरण, विज्ञानाच्या आकृत्या. मुलं अंतर ठेवून येता-जाता भिंती वाचायची. भिंतीला बॅटरी लागत नाही आणि भिंत भावाचीही नसते. ती सगळ्यांची असते. वर्गातला टॅबही तसाच सगळ्यांचा व्हावा, असं मला वाटतं.

पालकसभेत विचारा

तुमच्या शाळेत टॅब येणार असतील तर टाळ्या जरूर वाजवा, पण या पाच गोष्टी आधी विचारा.

पहिली, टॅब मुलाचा की वर्गाचा? माझं मत वर्गाचा. चार-पाच मुलांत एक. एक मूल बोट फिरवतं, दुसरं वहीत लिहितं, तिसरं प्रश्न विचारतं. 'प्रथम'नंही गावांत मुलांचे छोटे गट करूनच टॅब दिले होते. गटात भांडणं होतात, पण खेळ कमी होतात.

दुसरी, चार्ज कुठं करणार आणि कोण? आपल्याकडं वीज कधी जाईल सांगता येत नाही. सकाळी शाळा भरताना टॅब भरलेला हवा असेल तर हे काम रोज एका माणसाच्या नावावर असायला हवं.

तिसरी, बिघडला तर? खरेदीच्या पैशांतला काही भाग दुरुस्तीसाठी वेगळा ठेवला आहे का? नसेल तर दुसऱ्या वर्षी ते कपाट भरायला लागेल.

चौथी, पुस्तक बदललं तर नवे धडे कोण भरणार? मुंबईची आठवी आठवा.

पाचवी, शिक्षकांना वेळ दिला आहे का? आम्हा शिक्षकांच्या मागं जनगणना, निवडणूक, पोषण आहाराच्या नोंदी असतात. टॅबवरचा एक चांगला तास घ्यायला घरी दोन तास तयारी लागते. तो वेळ मागणं हे शिक्षकाच्या बाजूनं बोलणं वाटेल, पण ते तुमच्या मुलाच्या बाजूनंच आहे.

जी योजना आपल्यालाही आहे

एक महत्त्वाची गोष्ट आपल्या पुष्कळ घरांना माहीतच नाही. नागपूरची महाज्योती, म्हणजे महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था, ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना दहावीनंतर नीट, जेईई आणि एमएचटी-सीईटीची तयारी मोफत करून देते. त्यासाठी मुलांना टॅब आणि रोजचा इंटरनेट डेटाही दिला जातो. अकरावीला विज्ञान शाखा आणि नॉन-क्रिमीलेअर दाखला लागतो. बाकीच्या अटी दर वर्षीच्या जाहिरातीत असतात, त्या नीट वाचाव्यात.

आता लक्षात घ्या, पिंजारी, बागवान, मोमीन, मणियार, अत्तार, तांबोळी अशा कितीतरी मुस्लिम बिरादऱ्या महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. छप्परबंद विमुक्त जातींत आहेत. पण आपल्या मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात बहुधा फक्त 'मुस्लिम' लिहिलेलं असतं. प्रवेशाच्या दिवशी घाईत कुणीतरी सांगतं आणि कारकून लिहून घेतो. दहा वर्षांनी हाच एक शब्द दार बंद करतो. ओबीसीचा दाखला काढायला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबा-पणजोबांचा कागद. तो दहावीच्या निकालानंतर शोधायला निघालात तर उशीर झालेला असतो. आठवी-नववीतच शोधा. ज्यांची बिरादरी त्या यादीत नाही, त्यांनी अल्पसंख्याकांसाठी छत्रपती संभाजीनगरला होणाऱ्या 'मार्टी' या संस्थेकडं लक्ष ठेवावं. २०२४ मध्ये राज्य सरकारनं तिला मंजुरी दिली आहे.

शेवटी

आमच्या पालकसभेला त्या दिवशी बरीच गर्दी झाली. दोन तास बोलणं झालं. बक्षीस म्हणून टॅब वाटावेत असं म्हणणारे शेवटपर्यंत होते आणि त्यांचंही म्हणणं खोटं नव्हतं, हुशार मुलाला कौतुक हवंच असतं. पण एका आईनं उभं राहून विचारलं, "माझं लेकरू पहिल्या पंचविसात कधीच येणार नाही. मग त्यानं टॅब बघायचाच नाही का?" त्यानंतर कुणी फार बोललं नाही. टॅब वर्गाचे राहतील असं ठरलं. दोन शिक्षकांनी चार्जिंगची जबाबदारी घेतली. त्यातली एक मी. देणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना आम्ही पत्र लिहिलं, की पंचवीसऐवजी वीस टॅब द्या आणि पाचचे पैसे दुरुस्तीसाठी शाळेकडं ठेवा. त्यांनी ते मान्य केलं. हे यंत्र आपल्याकडं अमानत आहे, पुढच्या वर्षीच्या मुलांची अमानत, एवढंच मी मुलांना पहिल्या दिवशी सांगितलं. अमानत हा शब्द त्यांना समजावून सांगावा लागला नाही.

इकडं पोखर्णीत ओट्यावरचा तास चालू आहे. खेळ काढून टाकताना भाऊ दोन दिवस रुसला होता. आता तोच बहिणीच्या आधी येऊन बसतो, कारण त्याचं गणित कच्चं आहे आणि ते त्यालाही कळलं आहे. परावर्तनाचा धडा झाला. अंतर्गोल आरशात तोंड उलटं का दिसतं हे मुलांनी आधी टॅबवर पाहिलं आणि मग घरातल्या चमच्यात.

गेल्या आठवड्यात त्या मुलीचे वडील एक जुना कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आले. त्यांच्या आजोबांच्या शाळेतल्या नोंदीची नक्कल. निजामाच्या काळातली, म्हणून सगळी उर्दूत. घरात कुणालाच ती वाचता येत नव्हती. शाई फिकी झाली होती. मी चष्मा पुसला आणि दिव्याखाली धरून एकेक रकाना वाचत गेले. नाव, बापाचं नाव, गाव. कौमच्या रकान्यात लिहिलं होतं, पिंजारी.

मी ते मोठ्यानं वाचलं. मुलीनं विचारलं, "मतलब, आपा?"

मी म्हटलं, "म्हणजे अजून दोन वर्षं आहेत. अभ्यासाला लाग."